अप्पांच्या नावावरची चारशे पुस्तकं

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला एचआरचा मेल आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणाचा तरी फेअरवेल केक, नाही तर सीएसआर. त्या दिवशी सीएसआर होता. घरातली वाचून झालेली पुस्तकं आणा, कंपनी ती एखाद्या गावातल्या वाचनालयाला देणार, गाव तुम्ही सुचवा. मी फारसा विचार न करता 'रिप्लाय ऑल' मारला : असोदा, जिल्हा जळगाव.

"म्हणजे बहिणाबाईंचं गाव ना?" पलीकडच्या डेस्कवरून लगेच आवाज.

हे नेहमीचंच. असोद्याचं नाव काढलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, एक बहिणाबाई चौधरी आणि दुसरं वांग्याचं भरीत. (भरताच्या वांग्यावर हक्क आमचा की बामणोदवाल्यांचा, या भांडणात मी पडत नाही. घरी जायचंय मला.)

सुचवलं म्हणून सगळी जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली. तीन आठवड्यांत माझ्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये अकरा खोकी उभी राहिली. आता खरं सांगू का? 'पुस्तकदान' हा आपल्याकडे रद्दी काढण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित प्रकार आहे. बारा वर्षांपूर्वीचे एमबीए एन्ट्रन्सचे गाइड, सॉफ्टवेअरच्या मेलेल्या व्हर्जन्सची मॅन्युअल्स, श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी आणि ते सांगून स्वतः श्रीमंत झालेल्यांची पुस्तकं. एका मॅनेजरनं चक्क डाएटवरची सात पुस्तकं दिली. गावात ज्यांना दोन वेळेला भाकरी थापावी लागते, त्यांना 'कार्ब्स सोडा' हे कोण सांगणार?

त्याच दिवसांत आई पुण्यात माझ्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी दोन आठवडे वाचन बंद सांगितलं होतं. टीव्ही बंदचं तिला काहीच वाटलं नाही. वाचन बंद म्हटल्यावर मात्र ती काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून अशी काही बसायची की जणू मीच ती बंदी घातलीय. म्हणून मी एक युक्ती काढली. मी पुस्तक उचलायचं, नाव मोठ्यांदा वाचायचं आणि तिनं कौल द्यायचा, गावात चालेल की रद्दीत. 'ययाति'? चालेल. 'दुनियादारी'? चालेल, पण पोरं परत करणार नाहीत. 'कोसला'? "तो सांगवीचा ना, पांडुरंग? ठेव. लई कटकट्या आहे, पन आपला आहे." वर्षभरात एवढी मजा मला ऑफिसच्या एकाही ऑफसाइटला आली नव्हती.

तासाभरानं आई शांतपणे म्हणाली, "ते सात कायले नाई वाचले?"

"कुठले सात?"

"तू उचलले अन् न वाचता बाजूले ठेवले ते. मले दिसत नाई, ऐकू तर येतं. पुस्तक ठेवल्याचा आवाज येतो."

सोफ्यामागे माझा तिसरा ढीग होता. पाठवायचाही नाही आणि रद्दीचाही नाही. त्याला मी मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं. उर्मिला पवारांचं 'आयदान'. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर'. तस्लिमा नसरीनच्या 'लज्जा'चा अनुवाद. र. धों. कर्व्यांवरचं एक पुस्तक. आणखी दोन इंग्रजी. आणि मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'.

"अगं, गावात नाही चालायची ही," मी म्हटलं. "उगाच कुणीतरी काहीतरी बोलेल."

"कोनी सांगलं तुले?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तीच तर गंमत आहे.

आईनं मला ती सात नावं वाचायला लावली. सातवं नाव ऐकल्यावर तिनं काळा चष्मा काढला (जो काढायचा नव्हता) आणि म्हणाली, "हे पुस्तक मी मांगितलं व्हतं. चिठ्ठी वापस आली व्हती."

चिठ्ठी! तीस वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी मला आठवली, कारण ती नेणारी आणि परत आणणारी मीच होते.

तेव्हा आम्ही असोद्यात नव्हतो. अप्पांच्या नोकरीमुळे खानदेशातल्याच दुसऱ्या एका गावी राहायचो. गावाचं आणि तिथल्या वाचनालयाचं नाव सांगत नाही, त्याचा काही उपयोगही नाही, कारण त्या काळात तशी वाचनालयं पुष्कळ होती. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती पेपर वाचणारे पुरुष. आत लोखंडी कपाटं. बायकांनी तिथे यायला बंदी होती असं अजिबात नाही. नियमांचा बोर्ड वाचला असता तर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. फक्त टेबलाशी बसलेल्या बारा माणसांनी एकदम मान वर करून बघितलं की बाई पुढच्या वेळी मुलीच्या हातून चिठ्ठी पाठवायची.

सभासदत्व अप्पांच्या नावावर. अप्पा माणूस सोन्यासारखा, पण पुस्तक हातात धरलं की पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे. आई मात्र बकासुर. योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर, मधूनच खांडेकर, मधूनच बाबा कदम. दुपारी धुणं-भांडी उरकून, दाराला कडी लावून वाचायची. मी शाळेतून येताना पुस्तक बदलून आणायचे. ग्रंथपाल रजिस्टरमध्ये अप्पांचा नंबर टाकायचे, तारखेचा शिक्का मारायचे आणि विचारायचे, "काय म्हणतात अप्पा? आवडलं का मागचं?" मी मान हलवायचे. नवऱ्याच्या नावावर वाचणाऱ्या बाईची मी दहा वर्षांची कुरिअर कंपनी होते.

आणि मग तो दिवस आला, ज्याची आठवण काढून आमच्या घरात अजून हसतात. चार वर्षांत चारशेच्या वर पुस्तकं एकाच सभासदानं नेल्याचं कमिटीच्या लक्षात आलं, आणि वार्षिक कार्यक्रमात अप्पांना 'उत्कृष्ट वाचक' म्हणून शाल-श्रीफळ जाहीर झालं! अप्पांनी नाही म्हणून पाहिलं, पण नाही म्हणायला कारण काय देणार? स्टेजवर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. अप्पा माइकसमोर उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "पुस्तकं चांगली असतात." आणि बसले. टाळ्या पडल्या. डाव्या बाजूला बायकांच्या सतरंजीवर बसलेल्या आईनंही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अप्पांनी शाल आईच्या खांद्यावर टाकली. "तुझी आहे ही," एवढंच म्हणाले. हसण्यासारखंच आहे सगळं. पण ते रजिस्टर आजही कुठेतरी पडलेलं असेल आणि उद्या एखाद्यानं 'नव्वदच्या दशकातील खानदेशातील वाचनसंस्कृती' यावर पीएचडी करायला घेतलं, तर त्याला कळेल की पाटबंधारे खात्यातला एक मध्यमवयीन कारकून 'कळ्यांचे निःश्वास' वाचत होता. आईचं नाव कुठेच नाही. त्या पुस्तकाची तर आणखी मजा. १९३३ मध्ये ते आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लेखिकेनं स्वतःचं नाव लपवून विभावरी शिरूरकर या नावानं ते लिहिलं होतं. म्हणजे एका बाईनं नाव लपवून लिहिलं आणि साठ वर्षांनी दुसऱ्या बाईनं नाव लपवून वाचलं. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता म्हणे.

'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ चं. मलिका अमर शेख म्हणजे शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको, स्वतः कवयित्री. लग्नाबद्दल, घराबद्दल, शरीराबद्दल तिनं जे लिहिलं, ते तोवर मराठी बायका फार तर विहिरीवर कुजबुजत असत. आईनं त्याबद्दल कुठल्या तरी पुरवणीत वाचलं आणि चिठ्ठीवर नाव लिहून मला पाठवलं. ग्रंथपालांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटाकडे बघितलं. मग चिठ्ठीवर फुली मारून म्हणाले, "सांग घरी, हे लेडीजसाठी नाही." क्षणभर त्यांनाही कळलं असावं की आपण काय बोलून गेलो. पुस्तक तर अप्पा मागत होते ना? म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, वाचतंय कोण ते. तरी शाल अप्पांना दिली.

त्यांचा मला राग नाही. सज्जन गृहस्थ होते, शिक्का सरळ मारायचे. रात्री त्या सात पुस्तकांसमोर बसल्यावर मला राग आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी. कुलूपबंद कपाट आता माझ्या सोफ्यामागे होतं. आणि किल्लीही माझ्याकडेच.

पुस्तकांवरची बंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोडतोड, पोलीस, ब्रेकिंग न्यूज. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, कपाटं उलथली गेली, जुनी हस्तलिखितं आणि पुस्तकं जमिनीवर आली. कारण काय, तर जेम्स लेन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानले होते. राज्य सरकारनं त्याच महिन्यात त्या पुस्तकावर बंदी घातली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. त्या पुस्तकाबद्दल मत काहीही असो, पण यात निदान एक सोय आहे. बंदी कुणी घातली, कधी घातली, कुठल्या कलमाखाली घातली हे कळतं. तिच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. सोफ्यामागच्या ढिगाविरुद्ध कुठल्या कोर्टात जाणार?

त्या ढिगातल्या कर्व्यांचंच बघा. जुलै १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. लैंगिक शिक्षण, संततिनियमन, बायकांच्या शरीराबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना सरळ उत्तरं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभं राहिलं कोण, माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ज्या माणसाला शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही आणि ज्यानं पुढे दादरला 'राजगृह' हे घरच पुस्तकांसाठी बांधलं, त्याला वाचायला मिळणं-न मिळणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मी मात्र त्याच कर्व्यांवरचं पुस्तक 'गावात नाही चालायचं' म्हणून बाजूला काढलं होतं. एअरकंडिशन्ड ऑफिसात बसून, वर्षातून दोनदा गावी जाऊन.

झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. अमेरिकेत ग्रंथपालांची एक फळी गेली काही वर्षं 'क्रिटिकल लायब्रेरियनशिप' या नावानं एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतेय. लायब्ररी खरंच तटस्थ असते का? म्हणजे कुठलं पुस्तक घ्यायचं, कुठल्या कपाटात ठेवायचं, त्यावर कुठला नंबर टाकायचा, कुणाला कार्ड द्यायचं, हे सगळं कुणीतरी ठरवतंच ना? आणि ठरवणारा कोण असतो? मेल्विल ड्युई या गृहस्थांनी १८७६ मध्ये काढलेली दशांश वर्गीकरणाची पद्धत जगभर चालते, आपल्याकडेही. धर्माच्या दोनशेच्या घरात २२० ते २८९ हे सगळे आकडे ख्रिस्ती धर्माचे, आणि उरलेले यच्चयावत धर्म २९० च्या चाळीत एकावर एक! साहित्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांना प्रत्येकी प्रशस्त फ्लॅट, आणि आपली मराठी ८९१.४६. दशांश चिन्हानंतर, मागच्या अंगणात. ज्यू लोकांना आपल्या क्लबात घेत नाही म्हणून या ड्युईंवर तेव्हाच टीका झाली होती, बायकांशी त्यांच्या वागण्याच्याही तक्रारी होत्या. २०१९ मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेनं आपल्या मोठ्या पदकावरून त्यांचं नाव काढलं. नंबर मात्र तेच आहेत. आता एवढी पुस्तकं कोण पुन्हा चिकटवत बसणार?

आणखी एक गोष्ट सापडली, ती मला फार आवडली. २००५ मध्ये कनेटिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांकडे एफबीआयनं लायब्ररी वापरणाऱ्यांची माहिती मागितली. वर कुणाकडे बोलायचं नाही, अशी तंबी. चौघांनी ती दिली नाही, सरळ कोर्टात गेले. २००६ मध्ये तंबीही गेली आणि एफबीआयनं मागणीही मागे घेतली. कोण काय वाचतं हे त्याचं त्याला माहीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे रजिस्टरची गोष्ट उलटी होती. आईला कुणी गुप्तता दिली नव्हती, तिनं ती अप्पांच्या नावाआड स्वतःच शोधली होती. ही पळवाट होती की मोकळीक, ते मला अजून नक्की ठरवता येत नाही. अप्पांचं नाव नसतं तर ती चारशे पुस्तकं वाचूच शकली नसती. आणि अप्पांचं नाव होतं म्हणूनच ती वाचक म्हणून कधी मोजली गेली नाही.

यात बहिणाबाई आठवल्याशिवाय कशा राहतील? आमच्या असोद्याची लेक, जन्म १८८०, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे गेली, तिशीत विधवा झाली, शेतात आणि जात्यावर गाणी रचत राहिली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ती गायची, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातले कुणी ती उतरवून घ्यायचे. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली. त्यानंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली. स्वतःच्या नावाचं पुस्तक तिनं हातात धरलं नाही, आणि धरलं असतं तरी वाचता आलं नसतं. २०१८ मध्ये आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव दिलं गेलं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहेच. पण लहानपणापासून ऐकत आलेय, 'शिकली नाही तरी बघा केवढी मोठी!' हे वाक्य आम्ही इतक्या कौतुकानं म्हणतो की तिला शिकवलं का नाही, हा प्रश्न त्याखाली झाकून जातो.

त्या मानानं मुक्ता साळवे थेट बोलली. पुण्यात फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली शाळकरी मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ देणाऱ्या साहेबाला तिनं खाऊ नको, लायब्ररी हवी असं सांगितल्याची आठवण सांगितली जाते. वर्ष बघा पुन्हा. १८५५. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला १९६७ मध्ये. त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, गावातली वाचनालयं अनुदानावर जगतात, अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. 'ड' वर्गाचा ग्रंथपाल जे मानधन घरी नेतो, तेवढं आपण एका वीकेंडला कॉफीशॉपमध्ये उडवतो. त्याच्याकडून पुन्हा आपली अपेक्षा काय, तर त्यानं वाचनस्वातंत्र्याचं रक्षण करावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते सात बाकीच्यांत मिसळले. फार मोठं काही केलं असं नाही. उलट हात थोडा अडखळलाच. 'लज्जा' ठेवताना मनात आलं, समजा कुणी हे एक पान फाडून गावात भांडण लावलं तर? ही भीती खोटी नाही. गाव म्हणजे पुण्यातलं पुस्तक प्रदर्शन नाही, तिथे सगळ्यांना सगळ्यांची घरं माहीत असतात. पण मग लक्षात आलं, मी ज्यांच्या वतीनं घाबरतेय त्यांना मी विचारलेलंच नाही. डाएटची सात पुस्तकं मात्र मी बिनदिक्कत रद्दीत घातली. निवड करावीच लागते हो. फक्त 'हे कामाचं नाही' आणि 'हे त्यांना झेपणार नाही' यातला फरक स्वतःशी तरी कबूल करायचा.

बडोद्याच्या सयाजीरावांनी शंभर वर्षांपूर्वी खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या होत्या. हे सयाजीराव मूळचे कुठले? आमच्या खानदेशाच्या वेशीवरच्या, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे आणि निरक्षर. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून मोफत वाचनालयांची चळवळच सुरू केली. आमची खोकी त्या मानानं अगदीच किरकोळ. खासगी बसच्या डिकीत घालून, क्लीनरला शंभर रुपये देऊन ती जळगावला उतरवली. तिथून रिक्षा टेम्पोत, असोदा रेल्वेगेट, आणि घर. अप्पा ओट्यावर उभे होते. खोकी बघून म्हणाले, "एवढी सगळी मी वाचायची का आता?"

गावाकडच्या ज्या छोट्या वाचनालयात आम्ही पुस्तकं दिली, तिथे ग्रंथपाल म्हणून एक तरुण मुलगी आहे. ग्रंथालयशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स केलेली, ओढणीला पिन लावून, तोंडाला रुमाल बांधून भराभर धूळ झटकणारी. तिनं एकेक पुस्तक रजिस्टरला चढवलं. त्या सातांपाशी आली तेव्हा मी श्वास रोखला. तिनं 'आयदान' उलटंपालटं केलं, "हे अभ्यासाला होतं मला," म्हणाली, आणि पुढचं उचललं. संपलं. माझी सगळी रात्रीची झोपमोड वाया.

मग आईनं सभासदत्वाचा फॉर्म मागितला.

फॉर्मवर सभासदाच्या नावाखाली एक ओळ होती, 'पती/पालकाचे नाव व सही'. आईनं पेन तिथेच थांबवलं. शेजारी अप्पा खिशातून चष्मा काढायला लागले होते, सवयीनं.

"याची गरज आहे का?" आईनं विचारलं.

ग्रंथपाल मुलगी जरा गोंधळली. "छापलेला फॉर्म जुना आहे, मावशी. लहान मुलांसाठी असतं ते."

"मंग मी लहान नाई." आईनं ती ओळ तशीच कोरी ठेवली, खाली सही केली, अनामत भरली. अप्पांनी चष्मा परत खिशात घातला. एकोणसत्तराव्या वर्षी बाई वाचनालयाच्या सभासद झाल्या. बाहेरच्या खोलीत टेबलाशी पेपर वाचणाऱ्या चार-पाच जणांनी मान वर केली. आईनं त्यांच्यातल्याच एका रिकाम्या खुर्चीवर बसून आधी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'ची पहिली दहा पानं वाचली, आणि मगच घरी निघाली.

तीन दिवस ती त्यावर काहीच बोलली नाही. मी पुण्याला परत आले. चौथ्या दिवशी फोनवर, भाजीचे भाव आणि शेजारच्यांच्या लग्नाची खबर सांगून झाल्यावर, एकदम विचारलं, "त्या बाईनं पुढं काय लिव्हलं?"

मी सांगितलं, कविता लिहिल्या.

"ते आन पुढच्या खेपेले."

दिवाळीला गेले तेव्हा नवीन खोकं घेऊन गेले, आणि कविताही. सहज म्हणून कपाटातलं ते पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती बघितली. आईच्या तारखेखाली आणखी तीन शिक्के होते. तीन वेगवेगळे सभासद क्रमांक. मला राहवेना. गावातलं कोण असेल? आमच्या शेजारची वहिनी? बारावीतली एखादी पोर? की टेबलाशी बसणाऱ्यांपैकी कुणी?

मी त्या मुलीला विचारलं, "हे तिघं कोण गं?"

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि जागेवर ठेवलं.

"ताई, ते नाही सांगत आम्ही."